बाटलीवरचे साल आणि पिंपातली वर्षे

प्रश्न असा आला आहे : किलबेगन या आयरिश व्हिस्कीच्या बाटलीवर १७५७ हे साल छापलेले असते आणि लॉक नावाच्या घराण्याने ती डिस्टिलरी पिढ्यान्‌पिढ्या चालवली असे वाचायला मिळते, मग ते घराणे आजही ती चालवते का, आणि इतके जुने, नावाजलेले घर मध्येच बुडाले कसे? विचारणाऱ्यांनी पुढे असेही लिहिले आहे की, अमेरिकेतल्या दारूबंदीने आयरिश व्हिस्की संपवली हे उत्तर बऱ्याच ठिकाणी मिळते, पण त्याने समाधान होत नाही. ते होऊही नये.

मी अठ्ठावीस वर्षे माल्ट स्पिरिट, म्हणजे मोड आणलेल्या सातूची दारू, गाळण्याच्या आणि मुरवण्याच्या कामात काढली, त्यांतली बरीचशी गोव्याच्या दमट हवेत, आणि किलबेगनला दोनदा जाऊन आलो आहे. त्यामुळे हे उत्तर इतिहासकाराचे नाही. गोदामाच्या चाव्या सांभाळलेल्या माणसाचे आहे.

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. लॉक घराण्याकडे ही डिस्टिलरी १८४३ मध्ये आली आणि १९५८ मध्ये कंपनीवर रिसीव्हर, म्हणजे कर्जवसुलीसाठी मालमत्तेचा ताबा घेणारा माणूस, नेमला गेला तेव्हा कायमची गेली. बाटलीवरचे १७५७ हे साल लॉक घराण्याचे नाहीच. ते त्यांच्याआधी दोन घराण्यांपूर्वीचे आहे. अशा सालांकडे जरा सावधपणेच पाहावे. उत्तर आयर्लंडातल्या बुशमिल्सच्या बाटलीवर १६०८ असते, ते त्या भागात व्हिस्की गाळण्यासाठी सर थॉमस फिलिप्स यांना मिळालेल्या परवान्याचे साल आहे. बुशमिल्स नावाची कंपनी नोंदली गेली ती १७८४ मध्ये. परवाना, इमारत, कंपनी आणि घराणे या चार गोष्टींची वये वेगवेगळी असतात आणि बाटलीवर साहजिकच त्यांतले सर्वांत जुने छापले जाते.

दुसऱ्या भागाचे उत्तर देण्याआधी धंद्याचा एक पाया सांगावा लागेल, कारण किलबेगनची सगळी कहाणी त्यावरच उभी आहे. भट्टीतून उतरणारे स्पिरिट पाण्यासारखे पांढरेस्वच्छ असते. ते लाकडी, बहुधा ओकच्या, पिंपात भरून किमान तीन वर्षे ठेवल्याशिवाय आज त्याला आयरिश व्हिस्की म्हणता येत नाही, आणि चांगल्या मालासाठी तीन वर्षे पुरत नाहीत. म्हणजे आज घेतलेल्या सातूचे, जळणाचे, पिंपांचे आणि मजुरीचे पैसे आज मोजायचे आणि विक्रीची वाट सहा, आठ, दहा वर्षे पाहायची. त्यात दरवर्षी पिंपातला थोडा माल हवेत उडून जातो : आयर्लंडच्या थंडीत साधारण दोन टक्के, गोव्यात आठ टक्क्यांच्या आसपास. दहा वर्षे ठेवलेल्या पिंपातून तिकडेही अठरा टक्के माल कमी झालेला असतो. तांब्याची भांडी, पाणचक्की, गिरणी हे सगळे दिसायला भारदस्त असले तरी अशा धंद्याचे खरे धन गोदामात अंधारात पडलेले असते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात माझ्या वरिष्ठांनी मला भट्टी दाखवली नाही. साठ्याची वही पुढे केली आणि कोणत्या सालची किती पिंपे शिल्लक आहेत ते मोठ्याने वाचायला लावले. तेव्हा मला राग आला होता. पुढे कळले की, डिस्टिलरीची तब्येत त्या वहीतच दिसते. किलबेगनकडेही मी त्याच नजरेने पाहतो : माल मुरेपर्यंत थांबण्याची ऐपत कोणाजवळ होती, ती कशाच्या जोरावर होती आणि ती नेमकी कधी संपली.

किलबेगन हे आयर्लंडच्या मध्यभागी, वेस्टमीथ काउंटीत, डब्लिनहून पश्चिमेकडे गॉलवेला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे छोटे गाव. गावातून ब्रॉस्ना नदी वाहते आणि तिच्याच पाण्यावर डिस्टिलरीचे चाक फिरते. मॅथ्यू मॅकमॅनस याने १७५७ मध्ये इथे व्हिस्की गाळायला सुरुवात केली. त्या काळचे भांडे २३२ गॅलनचे होते आणि वर्षाकाठी सुमारे १,५०० गॅलन माल निघत असे, म्हणजे आजच्या हिशेबाने हा घरगुती उद्योगच म्हणायचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सूत्रे कॉड घराण्याकडे आली. भागीदारी मोडल्यामुळे १८४१ मध्ये मालमत्ता विक्रीला निघाली आणि दोन वर्षांनी जॉन लॉक याने कारभार हाती घेतला. काळ तसा अनुकूल नव्हता, कारण फादर मॅथ्यू यांच्या दारूमुक्ती चळवळीत लाखो आयरिश लोकांनी मद्य न पिण्याची शपथ घेतलेली होती आणि थोड्याच वर्षांत बटाट्याच्या रोगाने भीषण दुष्काळ पडला. तरी डिस्टिलरी टिकली. एक सोय मात्र लॉकच्या पथ्यावर पडली होती : ग्रँड कॅनॉलचा फाटा १८३५ मध्ये किलबेगनपर्यंत पोहोचला होता, त्यामुळे जड माल होडीने थेट डब्लिनकडे नेता-आणता येई.

लॉक घराण्याची म्हणून सांगितली जाणारी सर्वांत प्रसिद्ध गोष्ट १८६६ मधली आहे. वाफेचा बॉयलर निकामी झाला, नवा घ्यायला पैसे नव्हते आणि कर्जही मिळेना. तेव्हा गावकऱ्यांनी मिळून नवा बॉयलर विकत घेतला आणि तो जॉन लॉक याला भेट दिला. सोबतचे कृतज्ञतेचे पत्र स्थानिक वृत्तपत्रांतून छापूनही आले. बारा वर्षांनी, १८७८ मध्ये, नमुने तपासण्याच्या खोलीत आग लागली आणि झपाट्याने पसरली. तेव्हाही गावकऱ्यांनी गोदामांची दारे फोडली आणि मुरत पडलेली पिंपे रस्त्यावरून गडगडवत आगीपासून दूर नेली. तासाभरात आग विझली, समोरचा बराच भाग जळाला आणि ४०० पौंडांचे नुकसान झाले, पण साठा वाचला. भरलेले पिंप जागेवरून हलवायला काय कष्ट पडतात ते ज्याने एकदा अनुभवले आहे, त्याला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. लोकांनी त्या घाईत नेमकी पिंपेच वाचवली, कारण गावाचे पुढच्या कैक वर्षांचे उत्पन्न त्यांत भरलेले आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

या दोन्ही गोष्टी मालकावरच्या मायेच्या म्हणून सांगितल्या जातात आणि लॉक आपल्या माणसांना सांभाळून घेत असे हे खरेच आहे. मला मात्र १८६६ च्या गोष्टीत आणखी एक खूण दिसते. डिस्टिलरी नावारूपाला आलेली असताना तिच्याजवळ एका बॉयलरपुरते रोख पैसे नव्हते, कारण पैसा सगळा पिंपांत अडकलेला होता. मालक गोदामभर संपत्तीचा धनी असतो आणि त्याच वेळी हातात कवडी नसते, अशी ही अवस्था असते. त्या वेळी गाव धावून आले म्हणून निभावले.

भरभराटीचे चित्र पाहायचे असेल तर आल्फ्रेड बर्नार्ड याने १८८० च्या दशकात केलेल्या नोंदी पाहाव्यात. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या दीडशेहून अधिक डिस्टिलऱ्या हा गृहस्थ स्वतः फिरून पाहून आला होता. किलबेगनला त्याला सत्तर माणसे कामावर दिसली आणि म्हाताऱ्या कामगारांना निवृत्तिवेतन मिळत असल्याचेही त्याने टिपले. वर्षाचे उत्पादन १,५७,२०० प्रूफ गॅलन होते. प्रूफ गॅलन म्हणजे सुमारे साडेचार लिटर, तेही ५७ टक्के तीव्रतेचे. त्यामुळे हा आकडा सुमारे सात लाख पंधरा हजार लिटरांचा होतो. चार पॉट स्टिल, म्हणजे गाळपाची तांब्याची भांडी, होती आणि त्यांतले सर्वांत मोठे १०,३२० गॅलनचे, म्हणजे जवळजवळ ४७ हजार लिटरचे होते. गोदामात २,००० हून अधिक पिंपे मुरत होती. माल डब्लिन, इंग्लंड आणि वसाहतींत जात असे.

इथे घराण्याने घेतलेला, किंवा न घेतलेला, एक मोठा निर्णय येतो. एनियस कॉफी हा मुळात अबकारी खात्यातला अधिकारी, आणि तोही डब्लिनचा. सतत चालणाऱ्या उभ्या कॉलम स्टिलचे पेटंट त्याने १८३० मध्ये घेतले. पॉट स्टिलमध्ये प्रत्येक घाणा वेगळा लावायचा, गाळायचा, भांडे रिकामे करून पुन्हा भरायचे; कॉलममध्ये एका बाजूने आंबवण ओतत राहिले की दुसऱ्या बाजूने स्वस्त आणि सौम्य स्पिरिट अखंड येत राहते. स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांनी ते आपल्या माल्टमध्ये मिसळून ब्लेंड तयार केले आणि जगाची बाजारपेठ काबीज केली. आयर्लंडच्या बहुतेक मोठ्या घराण्यांनी मात्र त्याला व्हिस्की म्हणायलाच नकार दिला आणि ती आपल्या जुन्या जड, तेलकट अंगाच्या पॉट स्टिल व्हिस्कीला धरून राहिली. त्यांच्या या हट्टाची आज थट्टा होते. मी ती करणार नाही, कारण त्या व्हिस्कीची चव त्यांच्या बाजूने होती. मात्र पॉट स्टिलचा माल मुरायला जास्त वेळ घेतो, म्हणजे थांबण्याची ऐपतही जास्त लागते, हे त्या हट्टाचे मोल होते. लॉक यांनी १८९३ मध्ये ४०,००० पौंड नाममात्र भांडवलाची मर्यादित कंपनी केली, पण घराणे आणि पद्धत दोन्ही तीच राहिली.

आता दारूबंदीकडे येऊ. अमेरिकेत ती १९२० पासून १९३३ पर्यंत होती. किलबेगनची भट्टी १९२४ मध्ये थांबली आणि १९३१ मध्ये पुन्हा पेटली. कारणे म्हणून दारूबंदी, ब्रिटनशी झालेले व्यापारयुद्ध आणि स्कॉच ब्लेंडची स्पर्धा ही तीन नावे एका दमात घेतली जातात. पण व्यापारयुद्ध १९३२ मध्ये सुरू झाले, तेव्हा १९२४ च्या टाळ्याचे खापर त्यावर फोडता येत नाही. आणि बर्नार्डच्या नोंदीत किलबेगनच्या बाजारपेठांमध्ये अमेरिकेचा वेगळा उल्लेखही नाही. इंग्लंडचे गिऱ्हाईक स्कॉच ब्लेंडकडे वळणे हाच मला मूळ आजार वाटतो. शिवाय जॉन लॉकचे दोन्ही मुलगे, जॉन एडवर्ड आणि जेम्स हार्वी, १९२० आणि १९२७ मध्ये वारले, त्यामुळे ऐन पडत्या काळात घराला कर्ता उरला नाही. मालकी नातींकडे, फ्लॉरेन्स आणि मेरी एव्हलिन यांच्याकडे गेली.

बंद पडलेल्या त्या सात वर्षांचा परिणाम त्या सात वर्षांत दिसतच नाही, हे या धंद्याबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. बहुतेक कामगार घरी गेले तरी जुना साठा विकून कंपनी तगून राहिली. कागदावर खर्च कमी आणि विक्री चालू असे बरे चित्रही दिसले असेल. पण १९२५ ते १९३० या सालांचे एकही पिंप गोदामात नव्हते. अमेरिकेचा दरवाजा १९३३ च्या डिसेंबरात उघडला तेव्हा किलबेगनच्या नव्या मालाचे वय जेमतेम दोन वर्षांचे होते. पेरणी चुकलेल्या वर्षाची टंचाई शेतकऱ्याला पुढच्याच वर्षी भोगावी लागते. आमच्या धंद्यात ती दहा वर्षांनी दाराशी येते आणि तोवर तिचे कारण लोक विसरलेले असतात. तरी घर सावरले. १९३१ चा ८३ पौंडांचा तोटा जाऊन १९३९ मध्ये ६,७०० पौंड नफा झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मुरलेली व्हिस्की युरोपभर दुर्मीळ झाली होती. इमारत आणि यंत्रे मोडकळीस आलेली, दुरुस्तीला पैसा नाही, अशा स्थितीत नातींनी १९४७ मध्ये चालू धंदा विकायला काढला. एका स्विस गुंतवणूकदाराच्या नावाने ३,०५,००० पौंडांचा देकार आला. बोलणी करणारा इंग्रज स्वतःचे नाव होरेस हेन्री स्मिथ असे सांगत होता. या मंडळींना भट्टीत काडीचा रस नव्हता. त्यांचा डोळा गोदामातल्या ६०,००० गॅलन व्हिस्कीवर होता, जी इंग्लंडच्या काळ्या बाजारात गॅलनला ११ पौंड भावाने जाणार होती. गुणाकार करून पाहा : ६,६०,००० पौंड. डिस्टिलरी, जमीन, नाव सगळे फुकट आणि वर दुपटीहून जास्त पैसे. घराणे ज्याला धंदा समजत होते, त्याचा हिशेब या भामट्यांनी फक्त साठ्यावर केला आणि दुर्दैवाने तो बरोबर होता.

अनामत रक्कम वेळेत भरली गेली नाही आणि पोलिसांनी दोघांना ताब्यात घेतले. स्मिथ हा खरा मॅक्सिमो नावाचा, ब्रिटिश पोलिसांना हवा असलेला तोतया निघाला. त्याला बोटीने इंग्लंडला परत पाठवले जात असताना तो वाटेत निसटला. प्रकरण एवढ्यावर मिटले नाही. ऑलिव्हर फ्लॅनगन या विरोधी खासदाराने पंतप्रधान डी व्हॅलेरा आणि त्यांच्या मुलाने त्या स्विस व्यापाऱ्याकडून सोन्याची घड्याळे घेतल्याचा आरोप भर संसदेत केला. चौकशी न्यायाधिकरण बसले आणि त्याने आरोप निराधार ठरवले, तरी कित्येक महिने वर्तमानपत्रांत दुसरा विषय नव्हता. फेब्रुवारी १९४८ च्या निवडणुकीत डी व्हॅलेरांची सोळा वर्षांची सत्ता गेली, त्याला हे प्रकरणही थोडेफार कारणीभूत मानले जाते. राजकारण्यांचे काय व्हायचे ते होवो. किलबेगनचे नुकसान असे झाले की, या बदनामीनंतर दुसरा सरळ गिऱ्हाईक फिरकलाच नाही.

गंमत म्हणजे डिस्टिलरी त्यानंतर चांगली चालली. १९५० च्या दशकाच्या आरंभी वर्षाला १,२०,००० ते १,५०,००० प्रूफ गॅलन उत्पादन होते, दोन ते तीन लाख गॅलन साठ्यात होते आणि पुढच्या कैक हंगामांसाठी सातूच्या मोठ्या मागण्या नोंदवलेल्या होत्या. घाव आला तो एप्रिल १९५२ च्या अंदाजपत्रकात : मद्यावरचे शुल्क एकदम २८ टक्क्यांनी वाढले. सरकार पुन्हा डी व्हॅलेरांच्याच पक्षाचे होते. त्यात सूड शोधणारे लोक मला तिकडे भेटले, पण ती वाढ सगळ्या डिस्टिलऱ्यांवर सारखीच होती.

शुल्कवाढीने विक्री घटते हे सगळ्यांना समजते. तिचा दुसरा मार जास्त खोल असतो. माल बॉण्डमध्ये, म्हणजे अबकारी खात्याच्या कुलपाखालच्या गोदामात असेपर्यंत त्यावर शुल्क भरावे लागत नाही. बाहेर काढायचा तर आधी पूर्ण शुल्क भरायचे आणि मग माल गाडीत चढवायचा, दुकानदाराचे पैसे येतील तेव्हा येतील. आपल्याकडेही पद्धत हीच आहे. मी एका ठिकाणी काम करत असताना दिवाळीच्या तोंडावर शुल्काच्या रकमेची सोय झाली नाही. दोन कुलपांपैकी एकाची चावी माझ्या खिशात आणि दुसरीची निरीक्षकांच्या. दाराबाहेर ट्रक उभे, आत विकला गेलेला माल आणि आम्ही दोघे समोरासमोर चहा पीत बसलो होतो. आमचे चार दिवसांत निभावले. किलबेगनचे नोव्हेंबर १९५३ मध्ये निभावले नाही. नाताळासाठी मागणी आलेली व्हिस्की बॉण्डमधून सोडवायला शुल्कापुरते पैसे कंपनीकडे नव्हते आणि भट्टी थांबली. या वेळी बॉयलर हवा नव्हता, रोकड हवी होती, आणि ती गावाच्या आवाक्यातली नव्हती. कंपनी आणखी पाच वर्षे रखडत राहिली; १९५३ मध्ये काढलेल्या कर्जरोख्याची मुदत २७ नोव्हेंबर १९५८ रोजी भरली, ते फेडता आले नाही आणि रिसीव्हर आला.

पुढचे भराभर सांगतो, कारण त्यात मन रमत नाही. १९६२ मध्ये एका जर्मन उद्योजकाने १०,००० पौंडांना सगळे घेतले. तोवरही सुमारे एक लाख गॅलन व्हिस्की शिल्लक होती. ती विकून त्याने कितीतरी पट वसूल केले, जागेत डुकरे पाळली आणि लॉकचे नाव असलेल्या हजारो मातीच्या बरण्या फोडून त्यांचा चुरा काँक्रीटच्या जमिनीखाली भराव म्हणून घातला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तांब्याची भांडी भंगारात गेली. इतर घराण्यांचेही वेगळे झाले नाही : जेमसन, पॉवर आणि कॉर्कच्या डिस्टिलऱ्या १९६६ मध्ये एकत्र आल्या, आणि काही वर्षांत सबंध बेटावर मिडलटन आणि बुशमिल्स अशा दोनच डिस्टिलऱ्या उरल्या.

किलबेगनला पुन्हा गावच उभे राहिले. १९८२ मध्ये लोकांनी संस्था काढली, वर्गणी जमवली, इमारत साफ करून संग्रहालय उघडले. परवान्याचे वार्षिक शुल्क बंद काळातही भरले जात होते असे तिथे अभिमानाने सांगतात, आणि त्याच बळावर १७५७ हे साल बाटलीवर टिकून आहे. जॉन टीलिंग यांच्या कूली डिस्टिलरीने १९८७ मध्ये नावाचे हक्क मिळवले, आणि २००७ मध्ये, अडीचशे वर्षे पुरी होताना, मॅकमॅनस, कॉड आणि लॉक या तिन्ही घराण्यांच्या वंशजांच्या साक्षीने भट्टी पुन्हा पेटली. सुरुवातीला पहिले गाळप कूलीला आणि दुसरे इथे होई. २०१० मध्ये सातू भिजवण्यापासून सगळे काम इथेच सुरू झाले. कूलीसह हे सारे २०१२ मध्ये अमेरिकेच्या बीम कंपनीने सुमारे साडेनऊ कोटी डॉलरला घेतले आणि २०१४ मध्ये बीम जपानच्या सनटोरीकडे गेली. टीलिंग यांच्या दोन मुलांनी २०१५ मध्ये डब्लिनमध्ये स्वतःची डिस्टिलरी काढली. घराण्याच्या नावाने नव्याने सुरुवात कशी होते ते पाहायचे असेल तर तिकडे पाहावे.

विचारणाऱ्यांना बाटली घ्यायचीच असेल तर एक लक्षात ठेवावे. किलबेगन नावाचा नेहमीचा ब्लेंड मुख्यतः कूलीच्या स्पिरिटवर उभा आहे. त्याच गावात गाळलेले हवे असेल तर लेबलावर तसा स्पष्ट उल्लेख असलेली सिंगल पॉट स्टिल किंवा राय (राय धान्याची व्हिस्की) पाहावी. तिथल्या गाळपाच्या दोन भांड्यांतले एक मूळचे शेजारच्या टलामोर गावच्या जुन्या डिस्टिलरीतले, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहे. ते अंगाने इतके लहान आहे की बर्नार्डने पाहिलेल्या मोठ्या भांड्यापुढे खेळणे वाटावे. मी गेलो त्या दिवशी तिथल्या माणसाने मला त्याच्या मानेवर हात ठेवू दिला. तांबे गरम होते, नव्या स्पिरिटचा हिरव्या सफरचंदासारखा वास येत होता, आणि कडेला भरायला आणलेल्या रिकाम्या पिंपांवर खडूने त्या वर्षाचे साल लिहिलेले होते.